मोजणीचे तीन दिवस

तारबाबूचं काम म्हणजे नुसतं बसून राहायचं काम, असं रेल्वेच्या कागदावर ज्यांनी ठरवलं त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांच्यात एक मीही होतो. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली. नुसत्या दुसऱ्यांना शिव्या द्यायच्या असत्या तर कधीच लिहून मोकळा झालो असतो.

माझं गाव अल्लीपूरकडचं. घरची शेती भावांनाच पुरेना, म्हणून मॅट्रिक होऊन मी तार शिकलो आणि वर्धा जिल्ह्यातल्याच एका लहान ठेसनावर तारबाबू म्हणून लागलो. पन्नास सालाच्या पुढची पाच-सहा वर्षं धरा. ठेसनाचं नाव मुद्दामच सांगत नाही. उगाच कुणी म्हणेल, आमच्या ठेसनाची बदनामी केली बुवा यानं. ठेसन लहान, पण आजूबाजूला कापूस दांडगा. हिवाळा लागला की मालधक्क्यावर गाठींची रास लागायची आणि वॅगन पाहिजे, वॅगन आली नाही, वॅगन भलत्याच ठेसनावर गेली, असल्या तारांनी आमचं टेबल भरून जायचं. गाड्यांच्या तारा त्या वेगळ्याच.

तारघर म्हणजे ठेसनमास्तरच्या खोलीला लागून असलेली एक अंधारी खोली. टेबलावर बोटांनी दाबायचा पितळी खटका. समोर साउंडर, म्हणजे पलीकडच्यानं खटका दाबला की आपल्याकडे कट्-कट् वाजणारं यंत्र. त्याच्या मागे आम्ही सिगारेटचा रिकामा डबा उभा करायचो, म्हणजे आवाज मोठा यायचा. त्या एका तारेवर आठ-दहा ठेसनं होती आणि कुणी कुणालाही काही पाठवलं तरी ते सगळ्यांना ऐकू जायचं. त्यामुळे कुणाचा हात कसा आहे हे लाईनभर ठाऊक असायचं. हात म्हणजे खटका दाबायची ज्याची-त्याची ढब. ज्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही त्याला आम्ही हातावरून ओळखायचो. कुणी अडखळला की दहा ठिकाणी दहा माणसं हसायची, आणि ती हसताहेत हे त्यालाही कळायचं.

ठेसनावर तारबाबू दोनच, मोठे बाबू आणि मी. मोठे बाबू आर्वीकडचे, पन्नाशीला टेकलेले, आवाजानं मऊ पण नजरेनं कडक. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ एकानं बसायचं, उरलेले बारा तास दुसऱ्यानं. हप्त्यानं पाळी बदलायची. हप्त्याची सुट्टी होती, पण कागदावर. ती घ्यायची तर बदलीचा माणूस यायला हवा, आणि तो दोन-दोन महिने यायचा नाही. सणाची तर बातच सोडा. सणाला उलट काम वाढायचं, कारण वरचे साहेबलोक एकमेकांना शुभेच्छांच्या तारा करायचे आणि त्या आम्ही पोचवायच्या. एका दिवाळीला मी दुपार कलेपर्यंत साहेबलोकांची दिवाळी गोड करून देत बसलो होतो आणि बायको घरी करंज्यांचा डबा पुढ्यात घेऊन रुसून बसली होती. माझं डोकं आधीच तापट. त्या दिवशी आल्या आल्या मी तिच्यावरच ओरडलो, म्हणजे पुन्हा मीच चुकलो.

ह्या सगळ्याचं मूळ असं की रेल्वेनं कामाचे दोन प्रकार केले होते. एक सततचं, एक तुटक. सततचं ठरलं तर आठ तास, त्यावर ओव्हरटाईम, हक्काची सुट्टी आणि आमच्यासारख्या ठेसनाला तिसरा माणूस. तुटक ठरलं तर बारा तास आणि ओव्हरटाईम नाही. कारण काय, तर हा माणूस मधे-मधे रिकामा असतो. खटक्यावर हात असेल किंवा कागदावर पेन्सिल चालत असेल तेवढंच काम. आपल्या ठेसनाची हाक केव्हा येईल म्हणून कान टवकारून बसणं, तो म्हणे आराम! अरे वा रे वा! पाळण्यात लेकरू निजवून बाई चुलीपाशी बसली तर ती काय रिकामी बसली? एक हाक चुकली तर गाडी अडकते आणि जबाब आम्हाला द्यावा लागतो. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कोण सांगणार? मोठ्या जंक्शनवरचे तारबाबू सततचे आणि आम्ही सगळे लहान ठेसनावाले तुटक.

मला तार शाळेत शिकवली, पण हात दिला तो मोठ्या बाबूंनी. पहिलं वर्षभर ते आपली पाळी संपली तरी माझ्या शेजारी अर्धा-अर्धा तास बसायचे. चुकलो की बोलायचे नाहीत, माझ्या मनगटाखाली दोन बोटं धरायचे. मनगट खाली आलं की त्यांच्या बोटांना लागायचं आणि मला कळायचं. दोन वर्षांत माझा हात असा चालायला लागला की जंक्शनवाले विचारायचे, हा कोण? माझ्या छातीत त्या दिवसांत मावत नव्हतं.

आणि नेमका माझा हात सुटला त्याच सुमारास त्यांचा अडखळायला लागला. आधी मला वाटलं, वय झालं. मग एकदा सकाळी पाळी घ्यायला जरा लवकर गेलो, तर मोठे बाबू भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं भाकर खात होते. माझी चाहूल लागताच त्यांनी डबा झाकला. डाव्या हातानं जेवणारा तो माणूस नव्हता हो! संध्या केल्याशिवाय पाणी न पिणारा. मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं, पण त्यांनीच उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलं होतं आणि मनगट आखडलं होतं.

"तारेनं खाल्ला," ते म्हणाले. "कोनाले सांगू नको."

"डागदराले दाखवा ना."

"डागदर लिहून देईन. लिहून देल्लं का मेडिकल. मेडिकल झालं का तारेवरून उचलून फेकतीन कुठंबी. सात वर्षं हायेत मले रिटायर व्हाले."

डॉक्टरांऐवजी ते बाजाराच्या दिवशी जंगलाकडून येणाऱ्या एका गोंड बाईकडून मोहाच्या बियांचं तेल घ्यायचे. ती बाई त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा पाहायची, स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची आणि मराठीत एवढंच म्हणायची, "बाबू, हाताले आराम दे." मोठे बाबू हसायचे. आराम द्यायचा कुठून? बारा तास झाले की बारा तास, रविवार नाही, सण नाही.

त्याच वर्षी लाईनवरच्या तारबाबूंचं भांडण पेटलं. युनियननं अर्ज केले, निदर्शनं झाली, दसऱ्याला काळ्या फिती लावून आम्ही ड्युटी केली. संपाचीही भाषा झाली. शेवटी वरून असं ठरलं की भांडणातल्या प्रत्येक ठेसनावर मोजणीचा साहेब येईल, तीन दिवस दिवसपाळीत घड्याळ घेऊन बसेल आणि तारबाबूच्या कामाची मिनिटं मोजेल. ठरलेल्या हद्दीच्या वर गेली तर काम सततचं, खाली राहिली तर तुटक. आमच्या ठेसनाचं नाव पहिल्याच यादीत होतं आणि मोजणी होती पौषात, ऐन कापसाच्या मोसमात. याहून चांगला मुहूर्त कोणता?

युनियनचा सेक्रेटरी पॅसेंजरनं येऊन आम्हा दोघांना समजावून गेला. "लबाडी नको. फक्त नियमानं काम करा. तार आधी फॉर्मवर पूर्ण लिहा, मग पाठवा. पलीकडच्याकडून ती परत वाचून घ्या. वेळ लिहा, मग दुसरीला हात लावा." हे सगळं पुस्तकात लिहिलेलंच होतं. पण एवढ्या तारा दोन माणसांत उरकायच्या म्हणून लाईनवर कुणीच ते करत नव्हतं. नियमानं केलं असतं तर मिनिटं हद्दीच्या पार पलीकडे गेली असती. जिंकायचा सरळ, स्वच्छ रस्ता समोर होता.

त्या हप्त्यात दिवसपाळी मोठ्या बाबूंची होती. मी म्हटलं, पाळी बदलून घेऊ, मी बसतो. त्यांनी मान हलवली.

"मीच बसतो. माहा हात जेवढा टाइम घेते तेवढा घेऊ दे."

"पन त्या सायबानं तुमचा हात पाह्यला त?"

"पाह्यला त पाह्यला. थो मिन्टं मोजाले येऊन राह्यला, नाडी पाह्याले नाई." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे पाह्य, मले ओव्हरटाईमचे पैसे नाई पाह्यजेत बावा. मले तास पाह्यजे. आठ तास भेटले अन् सुट्टी भेटली त हा हात सात वर्षं खेचते. बाराच्या हिशेबानं हा पुढचा पोळा नाई पाहत. तू मधात येऊ नको. घरी झोप काढजो."

इतकं साफ सांगितलं होतं. लहान लेकरालाही कळेल असं.

मोजणीसाहेब आले ते एक ठेंगणे, चष्मा लावलेले गृहस्थ. कधीकाळी स्वतः तारबाबू होते. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या. टेबलाच्या कोपऱ्याशी खुर्ची घेऊन ते बसले, खिशातून घड्याळ काढून समोर ठेवलं आणि आखलेल्या कागदावर मिनिटं टिपायला लागले. मोठ्या बाबूंनी खटक्यावर हात ठेवला की टीप, उचलला की टीप. पहिला दिवस छान गेला. चार वाजता मी डोकावलो तर टेबलावर तारांचा गठ्ठा आणि मोठे बाबू एकेक शब्द परत वाचून घेताहेत. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा मनगट सुजून टम्म झालं होतं, पण चेहरा उजळला होता. "आजच्यासारखे दोन दिवस," म्हणाले, "अन् तिसरा मानूस आला समज."

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून मी घरी आलो, पण झोप येईना. अकराच्या सुमारास उठलो आणि ठेसनावर गेलो. कशाला गेलो? आजवर हजार वेळा स्वतःला विचारलं. तारघराच्या दारातून पाहतो तर मोठ्या बाबूंची बोटं खटक्यावर मिटून गेली होती. मिटली ती उघडेनात. टेबलाखालून डावा हात आणून ते एकेक बोट सोडवत होते. कपाळावर घाम. पलीकडे जंक्शनवाला चिडून मधेच तोडत होता. लाईनवर आमच्या गप्पा इंग्रजी अक्षरांत पण हिंदीतून चालायच्या. त्यानं खणखणीत हातानं वाजवलं, "बाबूजी, किसी और को बिठाओ." सगळ्या लाईनला ऐकू गेलं. मोजणीसाहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवत होते.

मी सरळ आत गेलो आणि खोटं बोललो. "मोठे बाबू, घरून बलावनं आलं तुमाले. मी बसतो तवर."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की एरवी मी बाहेर पळालो असतो. पण जंक्शनवाला थांबला होता. ते उठले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हळू. नियमानं."

मी मान डोलावली. खरंच डोलावली. पहिली तार मी नियमानं पाठवली, परत वाचून घेतली, वेळ लिहिली. दुसरीही तशीच. तिसऱ्या तारेच्या मधेच जंक्शनवाल्यानं तोडलं. "अब तुम भी रेंगने लगे? गुरु जैसा चेला."

झालं. माझं डोकं फिरलं. मला म्हणतो? माझ्या मोठ्या बाबूंना म्हणतो? थांब लेका, म्हटलं, तुझीच बोटं दमवतो. आणि मी हात सोडला. फॉर्मवर लिहिणं नाही, परत वाचून घेणं नाही. इकडून तारा अशा सुटल्या की त्यालाच दोनदा "ठहरो, ठहरो" म्हणावं लागलं. तिकडून येणाऱ्या तारा मी चार शब्द मागे राहून, डाव्या हातात चहाचा कप धरून उतरवून घेतल्या. मधेच दुसऱ्या एका ठेसनावरून कुणीतरी वाजवलं, "वाह उस्ताद!" सकाळपासून साचलेला गठ्ठा तासाभरात साफ झाला. मोजणीसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "वा! असा हात बऱ्याच वर्षांत ऐकला नाही." आणि मी गाढव, मला आनंद झाला.

मोठे बाबू परत आले तेव्हा टेबल रिकामं होतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. साहेब त्यांना आदरानं म्हणाले, "बाबूजी, तुम्ही आता घरी जा. आज आणि उद्या यांनाच बसू द्या. मला तुमच्या हाताविषयी काही लिहायचं नाही." भल्या मनानं म्हणाले हो ते. मोठे बाबू "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

रात्रपाळी मोठ्या बाबूंनी घेतली. संध्याकाळी घरी जेवता जेवता मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. जंक्शनवाल्याची कशी जिरवली, साहेब काय म्हणाले, मोठ्या बाबूंची नोकरी कशी वाचवली. ती भाकर थापत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग तिसरा मानूस कायले देतीन ते? एकटाच एवढं उरकवते म्हनतीन."

मी म्हणालो, "तुले काय समजते तारेतलं?" ती म्हणाली, "तारेतलं नाई समजत. मानसातलं समजते." मी ताटावरून उठलो. तिचं खरं होतं म्हणून जास्त राग आला.

म्हणजे तिसऱ्या दिवशी मी अजाण नव्हतो. हे मला लपवायचं नाही. सकाळी खटक्याला हात लावण्याआधी मी मनाशी घोकलं, हळू, नियमानं, आज एक दिवस. एक तासभर जमलंही. पण लाईनवर आदल्या दिवसाची बातमी पसरली होती. एकेक ठेसन हाक देताना आधी वाजवायचं, "नमस्ते उस्ताद." पार चार ठेसनं पलीकडच्यानं विचारलं, "कल वाला हाथ जरा सुनाओ ना." दहा माणसं कान लावून बसलेली, आणि मी मुंगीच्या पावलानं चाललोय. लाज वाटायला लागली. एक तार फक्त, म्हटलं, एवढीच जरा मोकळ्या हातानं. तुम्ही कधी दारुड्याला "एकच घोट" म्हणताना ऐकलं असेल तर पुढचं सांगायला नको. दुपारपर्यंत माझ्यापुढे कागद नव्हता आणि मी कान टवकारून बसलो होतो, आणि तेवढा सगळा वेळ मोजणीसाहेब आरामाच्या रकान्यात टिपत होते. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, पण ते माकड माझं मीच, माझ्याच हातानं घडवलं.

जाताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मोठे बाबू फलाटावर उभे होते. त्यांनी साहेबांना नमस्कार केला. मला वाटलं होतं शिव्या देतील, तोंड फिरवतील. तसं काही केलं नाही. रोज सकाळी पाळी देताना-घेताना "सगळं ठीक?" विचारायचे, जसे आधी विचारायचे. मी मनाशी हिशेब जुळवत राहायचो, की पहिल्या दिवसाची मिनिटं भरपूर आहेत, तीन दिवसांचा मेळ घातला तर निघेल, निघायलाच पाहिजे.

निकाल आला तो पाडव्याच्या दिवशी. सण म्हणजे आम्ही ड्युटीवर हे ठरलेलंच. सकाळी मोठ्या बाबूंनी रात्रपाळी संपवून मला जागा दिली, पण घरी गेले नाहीत. त्यांच्या घरून पुरणपोळीचा डबा यायचा होता, तो मला देऊन जायचं म्हणून बाकावर बसून राहिले. एवढ्यात आमच्या ठेसनाची हाक आली. आदल्या दिवशी लिहिलेला हुकूम, लाईन मोकळी मिळाली म्हणून सणाच्या सकाळी पाठवत होते.

साउंडर वाजायला लागला आणि पहिल्या ओळीतच मला कळलं काय आहे ते. मोठ्या बाबूंनाही कळलं. मी दुसऱ्या कुणापासून लपवलं असतं, कागद फाडला असता, दोन दिवस उशिरा सांगितलं असतं. पण त्यांना कागद लागतच नव्हता. माझी पेन्सिल चार शब्द मागे, ते चार शब्द पुढे. मोजणी पाहता सदर ठेसनावरचे काम तुटक. इथे माझा हात थांबला.

"पुरा घे," ते बाकावरूनच म्हणाले. "अर्धा नको सोडू."

मी पुरा घेतला. तिसरा माणूस मंजूर नाही. ओव्हरटाईम व सणाच्या सुट्टीचा प्रश्न उद्भवत नाही. शेवटी मिळाल्याची पोच मागितली होती, ती मीच दिली.

मग मला राहवलं नाही. माझ्या स्वभावाची गंमतच आहे, चूक माझी असली की आवाज माझाच चढतो. "मी तुमच्यासाठीच बसलतो, मोठे बाबू! तुमची बोटं उघडत नोयती. सगळी लाईन हासून राह्यलती तुमाले. मले पाह्यवलं नाई!"

"माह्यासाठी बसला असता त हळू बसला असता," ते म्हणाले.

रागावून नाही म्हणाले. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले. मग उठले, कोट घातला. डावा हात आधी, मग आखडलेला उजवा हात बाहीत ढकलून. दारात थांबून म्हणाले, "मी तुले हात देल्ला, थांबाचं नाई शिकवलं. थे माह्याकडून राह्यलं." डबा आला तेव्हा ते निघून गेले होते. ती पुरणपोळी मी खाल्ली नाही, फेकवलीही नाही. संध्याकाळी ठेसनावरच्या हमालाला दिली.

युनियननं फेरमोजणीसाठी अर्ज केला. तो कुठल्या टेबलावर गेला कुणास ठाऊक. उन्हाळा बारा तासांच्या पाळीनं गेला, पावसाळाही तसाच निम्मा सरला. मी जमेल तेवढं त्यांचं काम ओढायचो, माझी पाळी संपली तरी बसायचो, माझी पाळी लागायच्या आधी जायचो. ते अडवायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. पोळ्याच्या आठ दिवस आधी खटक्यावरच त्यांचा हात मिटला तो मिटलाच. एक गाडी आमच्या ठेसनाबाहेर वीस मिनिटं उभी राहिली. मग चौकशी, मग मेडिकल. तारेच्या कामाला नालायक असा शेरा, आणि दुसऱ्या एका ठेसनाच्या मालधक्क्यावर खालच्या जागी बदली. सत्तावीस वर्षं तारेवर काढलेला माणूस आता गोण्यांवर खडूनं फुल्या मारणार होता, आणि त्याही डाव्या हातानं.

शेवटच्या दिवशी दुपारी ते आवरायला आले. तारबाबू लाईन सोडून चालला की जाताना स्वतःच्या हातानं सगळ्या ठेसनांना रामराम पाठवायचा, मग एकेक ठेसन उत्तर देतं, अशी आमच्यात रीत होती. ते खुर्चीवर बसले. डाव्या हातानं उजवी बोटं उचलून खटक्यावर ठेवली. दोन अक्षरं आली आणि तिसरं येईना. पुन्हा धरली, पुन्हा तेच. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. कान बंद करता येत नाहीत ना.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बस," ते म्हणाले. "तू पाठव. पन माह्या हातानं पाठव."

त्यांचा हात मला तोंडपाठ होता. लांब अक्षर ते जरा जास्तच लांब ठेवायचे आणि शब्द संपला की श्वास घेतल्यागत थांबायचे, तसं लाईनवर दुसरं कुणी थांबत नसे. मी बसलो आणि तसाच चालवला. एक अक्षरही घाईचं गेलं नाही. मोजणीच्या तीन दिवसांत जो हात हळू चालायला तयार नव्हता, तो त्या दुपारी न सांगता हळू चालला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं.

एकेक ठेसन उत्तर देत गेलं. रामराम बाबूजी. सुखी रहो बाबूजी. मोठे बाबू माझ्या मागे उभं राहून ऐकत होते. सगळ्यात शेवटी जंक्शनवाला आला, तोच तो. आज त्याचा हात मऊ होता. त्यानं वाजवलं, "बाबूजी, आज तो हाथ एकदम पहले जैसा है. फिर जा क्यों रहे हो?"

मी मागे वळून पाहिलं. "काय सांगू?"

मोठ्या बाबूंनी जरा विचार केला.

"सांग त्याले," ते म्हणाले, "सुट्टी भेटली म्हनाव. म्हून हात सुधारला."

मी तेवढंच पाठवलं, त्यांच्या हातानं.